चव आधी, गोष्ट नंतर : कुटुंबाच्या छोट्या वायनरीला भेट देताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : चार मित्र मिळून एका कुटुंबाने चालवलेली छोटी वायनरी बघायला जाताय. वाइनमधलं कुणालाच फारसं कळत नाही. खुद्द वाइन बनवणारा माणूस समोर उभा राहून ग्लास भरणार, तेव्हा काय बोलायचं? आवडली नाही तर? विकत घ्यावीच लागते का? आणि चौघांतल्या ज्याला गाडी चालवायची आहे, त्याने काय करायचं?

मी अशाच एका कुटुंबाच्या वायनरीत बरीच वर्षं तळघरात काम केलं आहे आणि आलेल्या पाहुण्यांना वाइनची चवही दिली आहे. त्या अनुभवावरून सांगतो, तुम्हाला माहिती कमी आहे ही अडचणच नाही. काहीही न वाचता आलेले कितीतरी पाहुणे फार नेमकं बोलून गेलेले मी ऐकले आहेत. खरी अडचण वेगळी आहे. जिथे बनवणाराच ओतणारा असतो, तिथे जिभेला काय लागलं आणि कानावर काय पडलं याची सरमिसळ होते. तो माणूस गारपिटीतून वाचवलेल्या वेलींबद्दल सांगतो, पलीकडे त्याची आई बाटल्यांवर लेबलं चिकटवत असते, आणि तुम्ही पहिला घोट घ्यायच्या आधीच वाइन चांगली ठरलेली असते. तो आनंद खराच असतो. पण मग घरी आणलेली बाटली उघडल्यावर "तिथे तर किती छान लागली होती" असं वाटतं, आणि लोक बाटलीला किंवा स्वतःच्या जिभेला दोष देतात.

हे फक्त नवख्यांचं होतं असं नाही. २००१ साली मोरो, ब्रोशे आणि दुबुर्दिय या फ्रेंच संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. फ्रान्समधल्या बोर्डो इथे वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना त्यांनी एक पांढरी वाइन दिली, आणि तीच वाइन वासहीन रंग घालून लाल करूनही दिली. लाल दिसणाऱ्या ग्लासाचं वर्णन करताना विद्यार्थ्यांनी लाल वाइनसाठी वापरतात तेच शब्द वापरले. २००८ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात एकाच वाइनची किंमत एकदा कमी आणि एकदा जास्त सांगितली गेली. जास्त किंमत ऐकल्यावर लोकांना ती जास्त आवडली, आणि मेंदूच्या चित्रणातही सुख नोंदवणाऱ्या भागाची हालचाल वाढलेली दिसली. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना ती खरोखरच अधिक चांगली लागत होती. रंग आणि किंमत एवढं करू शकतात, तर प्रेमाने बोलणारा यजमान किती करेल याचा विचार करा.

म्हणून माझा मुख्य सल्ला एकच आहे. पहिला घोट गोष्ट ऐकायच्या आधी घ्या. यजमान बाटली हातात घेऊन बोलायला लागला की नम्रपणे म्हणा, "आधी एक घोट घेऊन बघतो, मग सांगा ना." कुणालाही याचं वाईट वाटत नाही. उलट वाइन बनवणाऱ्याला असा पाहुणा आवडतो, कारण दिवसभर आपलीच वाक्यं पाहुण्यांच्या तोंडून परत ऐकायला त्यालाही नको असतं. ग्लास हातात आल्यावर अर्धा मिनिट गप्प राहा. चौघांनी एकमेकांकडे बघून लगेच "व्वा" म्हणू नका. पहिल्याने काही म्हटलं की बाकीच्या तिघांना तेच लागायला लागतं. प्रत्येकाने मोबाइलवर किंवा कागदावर दोन शब्द लिहावेत आणि मग बोलायला सुरुवात करावी.

आता त्या अर्ध्या मिनिटात करायचं काय? रंगावर फार वेळ घालवू नका. ग्लास न हलवता एकदा वास घ्या, मग गोल फिरवून पुन्हा घ्या. दोन्ही वेळी वास वेगळा येतो, कारण फिरवल्यावर जड वासही वर येतात. मग बेताचा घोट घेऊन तो तोंडभर फिरू द्या, आणि ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. आवाज होईल, होऊ द्या. वायनरीत त्याचं कुणालाच काही वाटत नाही. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग खरं तर वास असतो. तो घशाच्या मागून नाकात चढतो आणि ही हवा त्याला वर ढकलते.

त्यानंतर स्वतःला चार गोष्टी विचारा. घोट गेल्यावर तोंडाला पाणी सुटतंय का? सुटत असेल तर वाइनमध्ये आम्ल भरपूर आहे. हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी, खरखरीत वाटते का? तो टॅनिनचा तुरटपणा. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंडाचा ओलसर गुळगुळीतपणा जातो. घशात ऊब जाणवते का? तो अल्कोहोल. आणि चौथी गोष्ट, जिला मी सगळ्यात जास्त वजन देतो : घोट गेल्यावर चव किती वेळ रेंगाळते, आणि रेंगाळते ती सुखाची आहे की नुसती कडवट? दोन-तीन सेकंदांत सगळं पुसलं जाणारी वाइन साधी. दहा-बारा सेकंदांनीही फळाचा अंश तोंडात राहिला, तर बागेत आणि तळघरात कुणीतरी मन लावून काम केलेलं आहे.

गोडीबाबत जवळजवळ प्रत्येक नवा पाहुणा अडखळतो. पिकलेल्या फळाचा वास आला की वाइन गोड वाटते, प्रत्यक्षात तिच्यात साखर जवळपास नसतेही. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. तरीही गोडी जाणवली तर साखर आहे. नाहीशी झाली तर ती नाकाने दाखवलेली गोडी होती.

शब्दांची काळजी तर अजिबात करू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर वाइनच्या वासांचं एक चक्र मांडलं. त्यांचा आग्रह होता की "डौलदार" किंवा "भारदस्त" असे शब्द टाळून प्रत्यक्ष हुंगता येतील अशा वस्तूंची नावं घ्यावीत : लिंबाची साल, मिरी, ओलं गवत, धूर. तुम्हाला ओल्या मातीचा वास आला तर "ओली माती" म्हणा. यजमानाला चेरी वाटत असेल तर वाटू दे. वासांच्या आठवणी प्रत्येकाच्या वेगळ्या असतात आणि इथे परीक्षा चाललेली नाही.

छोट्या वायनरीत गेल्याचा खरा लाभ मात्र पुढे आहे. यजमान तुम्हाला तळघरात किंवा टाक्यांच्या खोलीत नेऊन पिंपातली वाइन काढून देईल. ही संधी सोडू नका, पण तिला तयार वाइनच्या फूटपट्टीने मोजूही नका. पिंपातला नमुना गढूळ असतो, जिभेवर किंचित चरचरतो कारण आंबताना तयार झालेला कार्बन डायऑक्साइड त्यात अजून विरघळलेला असतो, आणि पुष्कळदा बोचरा लागतो. कच्च्या सफरचंदासारखा तीक्ष्ण आंबटपणा लागला तर बहुतेक मॅलोलॅक्टिक प्रक्रिया अजून झालेली नाही. तीत जिवाणू तीक्ष्ण मॅलिक आम्लाचं मऊ लॅक्टिक आम्ल करतात. अशा वेळी "छान आहे" किंवा "आंबट आहे" म्हणण्यापेक्षा "हिच्यात अजून काय बदलणार आहे?" असं विचारा. एरवी गप्प बसणारे घरोघरचे वाइनमेकर या एका प्रश्नावर मी अर्धा-अर्धा तास बोलताना पाहिले आहेत.

जमलं तर एकच वाइन दोन वेगळ्या पिंपांतून मागा, एक ओक लाकडाचं नवं पिंप आणि एक जुनं. बाग तीच, तोडणीचा दिवस तोच. नव्या पिंपातल्या वाइनला व्हॅनिला, लवंग, भाजल्याचा वास येईल, जुन्या पिंपातल्या वाइनमध्ये फळ उघडं दिसेल. लाकूड काय करतं हे वाचून कळत नाही, या दोन घोटांत कळतं. मागताना एवढं भान ठेवा की पिंपातून काढलेला प्रत्येक नमुना त्यांना दुसऱ्या वाइनने भरून काढावा लागतो. पिंपात रिकामी जागा राहिली की हवा शिरते आणि व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंचं फावतं. ग्लासात उरलेली वाइन कुठे टाकायची हेही विचारा. काही तळघरांत ती पिंपात परत ओततात, काही ठिकाणी हे मुळीच चालत नाही.

सुरक्षेची एक गोष्ट, जी मी कुणालाही सांगायची टाळत नाही. द्राक्षरस आंबत असतानाच्या दिवसांत तळघरात एकट्याने उतरू नका आणि टाकीच्या तोंडावर वाकून आत डोकावू नका. एक लिटर रस पूर्ण आंबताना साधारण चाळीस ते पन्नास लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साठतो आणि दिसत नाही. यातून तळघरांत माणसं दगावलेली आहेत. यजमान "थांबा" म्हणाला तर थांबायचं. बागेत ओळींमध्ये शिरण्याआधीही विचारा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या बागा उद्ध्वस्त करणारी फायलोक्सेरा ही मुळांवरची कीड बुटांना लागलेल्या मातीबरोबरही पसरू शकते. म्हणून काही प्रदेशांत पाहुण्यांचे बूट निर्जंतुक करून घेतात.

चवींचा क्रम यजमानावर सोडा. सर्वसाधारणपणे फसफसणारी, मग पांढरी, मग लाल, शेवटी गोड असा क्रम असतो. पण फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या पुष्कळ तळघरांत लाल आधी आणि पांढरी नंतर देतात, आणि त्यालाही अर्थ आहे. तरुण लालच्या तुरटपणानंतर भरगच्च पांढरीचा आंबटपणा तोंड साफ करतो. तुम्ही फक्त एवढं लक्षात ठेवा की टॅनिन तोंडात साठत जातं. पाचवी लाल वाइन पहिलीपेक्षा रुक्ष लागली तर दोष तिचाच असेल असं नाही. मध्ये पाणी प्या, कोरडा पाव खा. चीज आलं तर ते शेवटी खा. जुन्या वाइन व्यापाऱ्यांमध्ये सांगतात की विकत घेताना सफरचंद खावं आणि विकताना चीज द्यावं. चीजमधलं मीठ आणि स्निग्धांश तुरटपणा झाकतात, सफरचंद वाइनमधलं उणं उघडं पाडतं.

तापमानाचाही खेळ असतो. तळघर बारा-चौदा अंशांचं असेल तर तिथे लाल वाइन आवळलेली आणि जास्त तुरट लागते, घरी सतरा अंशांवर तीच मोकळी होते. पांढरी फार गार दिली तर तिचे गुणही लपतात आणि दोषही. ग्लास दोन्ही तळव्यांत दोन मिनिटं धरा आणि पुन्हा चाखा. घरी वाइन वेगळी लागते त्यामागे वातावरणाइतकंच हेही कारण असतं.

आता, आवडली नाही तर. इथे आधी स्वतःला विचारा की तुम्हाला ती रुचली नाही, की तिच्यात दोष आहे. रुचली नसेल तर मोकळेपणाने सांगा, पण कारण देऊन : "माझ्यासाठी जरा जास्त तुरट आहे. याहून हलकं काही आहे का?" यात अपमान नाही, उलट पुढे काय ओतायचं ते यजमानाला कळतं. मला कोरड्या कौतुकाच्या तुलनेत असं वाक्य नेहमीच जास्त उपयोगी पडलं. तुम्हाला न आवडलेली वाइन थुंकून किंवा ओतून टाकण्याची सोय टेबलावर असतेच, ती वापरा.

दोषाची शंका असेल तर पहिला प्रश्न "ही बाटली कधी उघडली?" एका बाटलीतून चाळीस मिलिलिटरचे अठरा घोट निघतात. तुम्ही चौघंच असाल तर बाटलीचा मोठा भाग उरतो आणि उद्याच्या पाहुण्यांसाठी ठेवला जातो. त्यामुळे मलूल, सुकलेल्या सफरचंदाच्या वासाची वाइन बहुधा कालची असते. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला आणि फळाचा पत्ता नसेल तर बुचाचा दोष असू शकतो. अशा वेळी "दुसऱ्या बाटलीतली बघता येईल का?" एवढं विचारणं पुरे. चांगला वाइनमेकर लगेच स्वतः हुंगून बघेल. काडेपेटीसारखा वास मात्र ग्लास फिरवल्यावर बऱ्याचदा उडून जातो, त्याला थोडा वेळ द्या.

कुटुंबाच्या वायनऱ्यांबाबत एक गोष्ट मी आवर्जून सांगेन. वर्षानुवर्षं आपलीच वाइन चाखणाऱ्या माणसाची जीभ तिला सरावते. चामड्याचा, तबेल्याचा वास प्रत्येक बाटलीत असेल तर तो त्या घराला आपल्या मातीचा गुण वाटू लागतो, प्रत्यक्षात ते ब्रेटॅनोमायसिस नावाच्या यीस्टचं काम असतं. तुम्ही त्यांना शिकवायला जाऊ नका. पण "हा वास सगळ्या वर्षांच्या वाइनमध्ये येतो का?" असं बाहेरून आलेल्या माणसाने विचारणं त्या घराच्या भल्याचंच आहे. मला काही गोष्टी पाहुण्यांच्या अशाच प्रश्नांनी दिसल्या.

विकत घेणं. याचं उत्तर परिस्थितीवर आहे. चवीचे पैसे घेतले असतील तर हिशेब मिटला, रिकाम्या हाताने निघालात तरी कुणी काही म्हणणार नाही. पैसे घेतले नसतील, तुमच्यासाठी बाटल्या उघडल्या असतील आणि कुणीतरी तासभर दिला असेल, तर माझ्या मते चौघांत मिळून एक-दोन बाटल्या घ्याव्यात. २२५ लिटरच्या एका पिंपातून तीनशे बाटल्या होतात. अशी चार पिंपं असलेल्या घराची त्या वाइनची वर्षाची पुंजी बाराशे बाटल्यांची. त्यातल्या काही तुमच्यासमोर उघडल्या गेल्या. शिवाय थेट विकलेल्या बाटलीत मधल्या वितरकाचा वाटा नसतो, छोट्या घरांचा जीव त्यावरच टिकतो. मात्र भारावून जाऊन बाटल्यांची अख्खी पेटी घेऊ नका. निघायच्या आधी सुरुवातीला लिहिलेले ते दोन शब्द वाचा. गोष्ट ऐकायच्या आधीही जी आवडली होती, ती घ्या. एकच प्रकार घेणार असाल तर दोन बाटल्या घ्या, एक लवकर पिण्यासाठी आणि एक यजमान सांगेल तितकी थांबवून. "सगळ्यात चांगली कुठली?" यापेक्षा "तुमच्या घरी रोज जेवताना कुठली उघडता?" असं विचारलं तर उत्तर जास्त खरं मिळतं.

गाडी चालवणाऱ्याबद्दल मी ठाम आहे, त्याने अजिबात पिऊ नये. हिशेब बघा : सहा वाइन, प्रत्येकी चाळीस मिलिलिटर, म्हणजे २४० मिलिलिटर. तेरा टक्क्यांच्या हिशेबाने त्यात साधारण २५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आहे. यकृत तासाला ढोबळमानाने सात-आठ ग्रॅमच निकालात काढतं, म्हणजे "नुसत्या चवी" उतरायलाही तीन तासांहून जास्त लागतात. यजमानाने सढळ हाताने ओतलं तर आणखी. थुंकूनही थोडं अल्कोहोल तोंडातून शोषलं जातंच. पण त्याला कोपऱ्यात बसवू नका. त्यालाही ग्लास द्या आणि प्रत्येक वाइन हुंगू द्या. पोटात काही न गेल्याने शेवटच्या वाइनपर्यंत त्याचं नाक तुमच्यापेक्षा ताजं राहील, आणि पेटी घ्यायची की नाही हे ठरवताना त्याचं मत विचारा. बाकी तिघांनीही थुंकायला लाजू नये. आम्ही तळघरात काम करताना दिवसभर तेच करतो.

वेळ फोन करून ठरवा. तोडणीच्या दिवसांत त्या घरात कुणालाच उसंत नसते. उत्तर गोलार्धात हे साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, दक्षिणेत फेब्रुवारी ते एप्रिल, उष्ण प्रदेशांत छाटणीनुसार वेगळं. शक्य असेल तर सकाळी दहा-अकराची वेळ मागा, तेव्हा जीभ ताजी असते. त्या दिवशी अत्तर लावू नका, आणि दात घासल्यावर निदान तासभर जाऊ द्या.

घेतलेल्या बाटल्या उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. बंद गाडी तापली की वाइन फुगून बूच वर ढकलते आणि काही तासांत फळाची चव शिजल्यासारखी होते. पुढे आणखी कुठे थांबणार असाल, तर पैसे देऊन बाटल्या तिथेच ठेवायला सांगा आणि परत जाताना उचला. छोट्या वायनऱ्यांत याला कुणी नाही म्हणत नाही.